ढाणकीचा श्रोता

प्रतिक्रिया ७ (आलेली)

"दादा, खाजकुयली ऐकून आम्ही कॉलेजात बेंच तोडले होते. आता हे काय? मंगल कार्यालयात सनईच्या जागी लावा. ओरडता येत असेल तर ओरडा, नाहीतर गप बसा."

प्रतिक्रिया ७ (वाचून दाखवलेली)

"दादा, खाजकुयली ऐकून आम्ही कॉलेजात बेंच तोडले होते. हे वेगळं आहे. पुन्हा ऐकतो."

दोन्हींच्या मध्ये मैत्रेयीला लागलेला वेळ: एक घास.

"पुन्हा ऐकतो म्हणला?" संघदीपनं विचारलं.

"म्हणला."

"हं." त्यानं टोपल्यातली दुसरी भाकर घेतली. मैत्रेयीनं फोन उलटा करून ताटाशेजारी ठेवला आणि वरणात बोट घालून मीठ बघितलं. मीठ बरोबर होतं. तिला दुसरीकडे कुठंतरी बघायचं होतं, एवढंच.

मारेगावातल्या त्या घरात गेला आठवडाभर रोज संध्याकाळी साडेसातला असंच चाललं होतं. आई कांताबाई भाकरी थापायची, संघदीप भिंतीला टेकून बसायचा आणि मैत्रेयी त्याच्या अल्बमवर दिवसभरात लोकांनी काय लिहिलं ते वाचून दाखवायची. स्वतः वाचायला तो तयार नव्हता. पहिल्या दिवशी त्यानं वाचल्या तेवढ्या वाचल्या, मग आपला फोन बंद करून कपाटात टाकला आणि साधा बटणांचा फोन घेतला. "तू वाच ताई," तो म्हणाला, "अन् मले फक्त सांग."

फक्त सांग. मैत्रेयी पंचेचाळीस वर्षांची. वीस वर्षं उपकेंद्रात सिस्टर. पाच गावं, एक स्कूटी. सांगण्याचं काम तिला येत होतं. दिवसभर ती तेच करायची. सुई दुखत नाही, बीपी थोडाच वाढला आहे, बाळ खाली सरकलं आहे म्हणजे आता फार दिवस नाहीत. घरी आल्यावर जीभ आपोआप त्याच रस्त्यानं चालायची.

अल्बमविषयी, ज्यांनी ऐकला नाही त्यांच्यासाठी

संघदीप एकोणचाळीस वर्षांचा. नागपुरात बारा वर्षं त्याचा बँड होता, खाजकुयली नावाचा. चार पोरं, दोन-दोन मिनिटांची गाणी, सगळी ओरडून. पंक म्हणतात त्याला. संघदीप इतका ओरडायचा की तिसऱ्या गाण्याला मानेवरच्या शिरा मागच्या रांगेतून मोजता यायच्या. मग घशात गाठ निघाली. ती काढली. डॉक्टरांनी सांगितलं, बोलणं कमी, ओरडणं बंद. बँड मोडला. तो मारेगावला परत आला आणि पाच महिने पाटीवर लिहून बोलला. बहुतेक वेळा एकच लिहायचा: नको.

त्यानंतर तो चुलतभावाच्या कृषी केंद्रात बसायला लागला आणि बियाण्यांच्या थैल्यांमागे बसून हळूहळू गिटार वाजवायला लागला. रेगे. दूरच्या एका बेटावरचा हा प्रकार, चाल सावकाश, पहिला ठोका मोकळा सोडलेला आणि खालून बेस गिटार गुडघ्यात दुखल्यासारखी चालत राहिलेली. उरलेल्या आवाजाला तेवढंच झेपत होतं. आठ गाणी झाली. अल्बमचं नाव त्यानं 'रिकामी सम' ठेवलं. घशाचं कुठंही लिहिलं नाही. लोकांनी कीव करून ऐकू नये म्हणाला.

आणि अल्बम आला त्या दिवशी मैत्रेयीला म्हणाला, "एक महिना पाहतो. मनापासून ऐकणारे चार माणसं भेटले तर पुढचा करतो. नाही तर गिटार विकून टाकतो अन् दुकानातच बसतो."

हे तो रागानं म्हणाला असता तर मैत्रेयीनं सोडून दिलं असतं. तो चहा सोडतो म्हणावं तसं म्हणाला. तिला पाटी आठवली. म्हणून ती चार माणसं शोधत होती.

प्रतिक्रिया (आईची)

"झोप छान लागते बाबू."

दोन वेळा लावला, दोन्ही वेळा दुसऱ्या गाण्याला आई झोपली. संघदीपनं तिसऱ्यांदा लावला नाही. मैत्रेयीनं ही मोजावी की नाही यावर दोन दिवस विचार केला आणि मोजली नाही.

प्रतिक्रिया (भीमराज काकांची, बदलता न आलेली)

बदलता आली नाही कारण ती संघदीपच्या समोरच झाली. भीमराज काका म्हणजे वस्तीतल्या गायन पार्टीचे ढोलकीवाले. जयंतीला, पौर्णिमेला, नामकरणाला त्यांच्याशिवाय पान हलत नाही. संघदीपला पहिला ताल त्यांनीच शिकवला होता. अंगणात बाजेवर बसून त्यांनी मैत्रेयीच्या फोनवर पहिलं गाणं ऐकलं. डोळे मिटले, मांडीवर हात धरला. समेवर हात जोरात आपटला, तर गाण्यात तिथं काहीच नव्हतं. अंधारात एक पायरी जास्त समजून पाय टाकावा तसे ते जागच्या जागी हलले. दुसऱ्यांदा आपटला. पुन्हा तेच.

"सम कुठी गेली रे?"

"सोडली काका. मोकळी ठेवतात याच्यात."

"कायले?"

"तसंच असते ते."

"सम खाऊन टाकली अन् वरतून तसंच असते म्हणते." काकांनी फोन मैत्रेयीकडे दिला. "आधी बोंबलत होता तवा निदान जागेवर बोंबलत होता."

संघदीप हसला. मग त्या दिवशी एकच भाकर खाल्ली.

प्रतिक्रिया २३ (आलेली)



प्रतिक्रिया २३ (वाचून दाखवलेली)

आलं काहीच नव्हतं. सलग तिसरा दिवस. संघदीप भिंतीला टेकून वाट बघत होता, आई तव्याकडे बघत होती आणि मैत्रेयी रिकाम्या पडद्याकडे.

आता इथं मैत्रेयीच्या नोकरीचं एक सांगायला हवं. तिच्या रजिस्टरात रकाना रिकामा ठेवलेला चालत नाही. नाव, वय, गाव, धंदा. एखादा रकाना राहिला तर ती दुसऱ्या दिवशी स्कूटी काढून सात किलोमीटर जाते, त्या बाईला वय विचारते आणि भरते. वीस वर्षं हात असाच वळलेला. शब्द बदलणं, अर्धं वाक्य गिळणं आजवर चाललं होतं, पण अख्खा माणूस तिनं कधी बनवला नव्हता. बनवायला गेली, तर रकान्यांसकट बनला.

"एक आहे," ती म्हणाली. "फकिरा नाव आहे. वय बावन्न. ढाणकीचा. मंडप अन् साउंडचा धंदा आहे त्याचा."

ढाणकी का? मारेगाव जिल्ह्याच्या या टोकाला, ढाणकी उमरखेडच्याही पलीकडे, त्या टोकाला. मारेगावातून ढाणकीला कोण जातं?

"काय म्हणते?"

"म्हणते, मंडप बांधताना लावतो. पोरं घाई नाही करत. दोर नीट बसतात."

संघदीप भिंत सोडून ताटाकडे सरकला. मग म्हणाला, "दोर नीट बसतात." आणि आईला म्हणाला, "भाजी वाढ व."

प्रतिक्रिया २४, २६, २७, ३० (सगळ्या फकिराच्या)

तिसरं गाणं लांबलं, पण लांबलं ते बरं, तेवढ्यात चहा होतो.

आवाज बसल्यावर माणूस खरं बोलतो, आमच्या इकडं लिलाव पुकारणाऱ्यांचं असंच आहे.

बायको म्हणते, हा कोण रडून राह्यला. मी म्हणालो, रडत नाही, बसला आहे.

पुढचा कधी?

मैत्रेयी गावांमधून स्कूटी चालवताना ही वाक्यं जुळवायची. कापूस वेचणाऱ्या बायका हात करायच्या, ती हात करायची आणि डोक्यात फकिरा बोलत असायचा. संघदीप आता आधी त्याचंच विचारायचा. "ढाणकीचं काही आलं?" बाकीचे शिव्या देत होते, तरुण पोरं नव्या नव्या शिव्या शोधत होती. त्यांतून दोन शब्द बरे काढायचे म्हणजे खडे निवडण्याचं काम. फकिरा सोपा होता. ती दमली होती, आणि दमलेलं माणूस सोपं ते करतं.

महिना भरायला पाच दिवस होते.

फोन

शनिवारी संघदीप दुकानातून लवकर आला.

"ताई, उद्या तुले सुट्टी हाय ना?"

"काहून?"

"ढाणकीले जाऊ. बियाण्याच्या कंपनीचा एक माणूस येते दुकानात, उमरखेड त्याच्याकडेच हाय. त्याले म्हणलं, ढाणकीत फकिरा मंडपवाला हाय का पाहा. त्यानं नंबरच आणून देला."

मैत्रेयी कपडे घड्या करत होती. घडी तशीच हातात राहिली.

"तू फोन केला?"

"केला ना. म्हणलं, फकिरा भाऊ हायेत का? तो म्हणे, आहेत ना, बोला. म्हणलं, मी संघदीप, मारेगावचा, ते गाणे. तो म्हणे, हो हो, या तुम्ही, समोरासमोर बोलू." संघदीपचा चेहरा असा काही दिसत होता, की मैत्रेयीला त्याच्याकडे बघवेना. "तू चाल सोबत. मले जास्त बोलता येत नाही."

आहेत ना, बोला. तिनं बनवलेला माणूस फोनवर आहे म्हणत होता.

खरं सांगायला तिच्याजवळ अख्खी संध्याकाळ होती. तिनं कपड्यांच्या घड्या घातल्या, उद्याचे डबे काढले, आईच्या गोळ्या मोजल्या. नऊ वाजता ती झोपली.

रस्ता

मारेगाव ते यवतमाळ एक एसटी. यवतमाळ ते उमरखेड दुसरी, तिथून पुढे ढाणकीपर्यंत ऑटो. तिचं अर्धं तिकीट, त्याचं पूर्ण.

"बाई असणं फायद्याचं हाय," संघदीप म्हणाला.

"वीस वर्षं सुई टोच लोकायले, मग सांग."

आर्णी गेली. महागाव गेलं. दोन्ही बाजूंना कापूस फुटलेला, तूर फुलावर आलेली. संघदीपच्या मांडीवर पिशवी होती, पिशवीत पेनड्राइव्ह. मैत्रेयी प्रत्येक थांब्यावर ठरवत होती की पुढच्या थांब्याच्या आत सांगायचं. उमरखेड आलं तेव्हा थांबे संपले.

फकिरा

ढाणकीच्या बाजारपेठेच्या मागे पत्र्याचं गोडाउन होतं. दारात टेम्पो उभा. टेम्पोच्या मागच्या फळीवर पिवळ्या अक्षरात लिहिलं होतं: फकिरा मंडप, साउंड, ढाणकी.

मैत्रेयी उन्हात उभी राहिली. हा टेम्पो तिनं बघितला होता. सहा-सात वर्षांपूर्वी उमरखेडला एका लग्नात, जेवणाच्या पंगतीमागे उभा. तिला वाटलं होतं आपण माणूस बनवला. तिनं फक्त एक पाटी वाचली होती आणि विसरली होती.

आत तिशीचा एक माणूस कनातीच्या कापडावर बसून वायर गुंडाळत होता. "या या. मीच बोललो फोनवर. विक्की. कोणत्या तारखेचं आहे? हळद आहे का लग्न?"

"लग्न नाही," संघदीप म्हणाला. "फकिरा भाऊले भेटायचं होतं."

"बाबा?" विक्कीनं वायर खाली ठेवली. "बाबा वारले ना दादा. चार वर्षं झाली."

तोच पुढे बोलत राहिला. "मग कसंय, जुने गिऱ्हाईक बाबाच्याच नावानं फोन करतात. नाही म्हटलं की दुसरीकडं जातात. म्हणून मी आहेत म्हणतो. राग मानू नका. तुमची ओळख होती का बाबाची?"

अल्बम येऊन सव्वीस दिवस झाले होते. हिशोब करायला संघदीपला वेळ लागला नाही. त्यानं मैत्रेयीकडे बघितलं. ती नजर तिला अनोळखी नव्हती. पाटीवर नको लिहून झाल्यावर तो असंच बघायचा.

"मीच सांगत होती," मैत्रेयी म्हणाली. "कोणी लिहिलं नव्हतं. मीच."

"दोराचं?"

"मीच."

"पुढचा कधी, हे?"

"तेही."

विक्की एकदा याच्याकडे, एकदा तिच्याकडे बघत होता. दुसऱ्यांच्या घरातल्या भांडणाच्या मध्ये साउंडवाला नेहमीच उभा असतो. लग्नात मानपानावरून जुंपते तेव्हा माइक त्याच्याच हातात असतो. अशा वेळी काय करायचं हे त्याला माहीत होतं.

"गाणे आणलेत का?" तो म्हणाला. "इतक्या लांबून आले तर लावू. मशीन चालूच आहे."

संघदीप हलला नाही. मैत्रेयीनंच त्याच्या पिशवीत हात घातला आणि पेनड्राइव्ह काढून दिला.

प्रतिक्रिया (विक्कीची, आलेली)

दोन माणसांएवढे उंच बॉक्स होते. पहिलं गाणं सुरू झालं आणि मैत्रेयीच्या चपलेखालची जमीन आधी बोलली. मग पत्रा. मग तिच्या बरगड्या. ती दचकली. हे काय आहे? हे कुठून आलं? महिनाभर तिनं हा अल्बम फोनवर ऐकला होता, ताटाशेजारी ठेवून, आणि फोनमधून फक्त गिटारीची चक-चक आणि भावाचा बसलेला आवाज येत होता. खालचं सगळं गळून जात होतं. आईनंही तेवढंच ऐकलं. भीमराज काकांनीही. शिव्या देणाऱ्या पोरांनीही बहुतेक. जिथं काकांचा हात रिकाम्या जागी पडला होता, तिथं बेस वाकून काहीतरी उचलत होता आणि पुढे चालत होता. सावकाश. अंग दुखत असताना माणूस कामावर जातो तसा.

चार गाणी झाली. विक्की उभ्यानं ऐकत होता, मध्येच एक बटण थोडं फिरवत होता.

"वरातीत नाही चालणार," तो शेवटी म्हणाला. "पोरं मारतील मला. पण पंगतीला चालेल. लोक घाई न करता जेवतील. वाढणारेही. तिसरं लांबलं पण."

"लांबलं," संघदीप म्हणाला. ढाणकीत आल्यापासून तो गाण्याविषयी पहिल्यांदा बोलला होता.

"आवाजाला काय झालं दादा? सर्दी?"

"ऑपरेशन."

"हां. वाटलं मला. बॉक्सवर लपत नाही काही." विक्कीनं पेनड्राइव्ह परत दिला. "चहा सांगू?"

परत

उमरखेडहून सुटलेल्या एसटीत दोघं शेजारी बसले. महागावपर्यंत संघदीप खिडकीबाहेर बघत होता. मैत्रेयीला वाटलं, ओरडता आलं असतं तर आज तो ओरडला असता. तेही तिच्यामुळे राहून गेल्यासारखं तिला वाटलं.

"किती हायेत?" त्यानं विचारलं. "खऱ्या."

"एक्केचाळीस."

"वाच."

"संघ्या, जाऊ दे ना."

"वाच ताई. जशा हायेत तशा."

तिनं वाचल्या. सनईची वाचली. थंड झाला, विकला गेला, म्हातारा झाला, वाचल्या. शिव्यांपाशी तिची जीभ अडली. समोरच्या सीटवरच्या म्हाताऱ्यानं वळून बघितलं. संघदीप म्हणाला, "त्याही." तिनं त्याही वाचल्या, हळू आवाजात, औषधाचे डोस सांगावे तशा. एका शिवीला तो खुदकन हसला. "हे चांगली हाय. नवीन हाय." एका पोरानं लिहिलं होतं की गायक रागात नाही, त्याला फक्त राग आठवतो आहे. त्यावर संघदीप हसला नाही.

"हा बरोबर बोलून राह्यला," तो म्हणाला. "याचं नाव काय?"

"नाव नाही. नुसते आकडे आहेत."

आर्णीच्या अलीकडे एक्केचाळिसावी संपली. चार माणसं सापडली नव्हती. मनापासून म्हणावा असा तो आकड्यांचा पोरगा, तोही विरुद्ध बाजूचा. मैत्रेयीनं फोन मांडीवर ठेवला. गिटार कधी विकणार, हे तिला विचारायचं होतं, म्हणजे आईला आधी सांगता आलं असतं.

"अन् तुही प्रतिक्रिया?" त्यानं विचारलं.

"माही काय?"

"महिनाभर लोकायची सांगतली. तुही नाही सांगतली एकदाही."

तिनं विचार केला. दिवसभराच्या प्रवासानं पाय सुजले होते, आणि काही नटवून सांगायचं बळ तिच्यात उरलं नव्हतं.

"मी ऐकलाच नव्हता," ती म्हणाली. "आज ऐकला. चारच गाणे. पहिलं आवडलं. दुसरंही. तिसरं लांबलं. चौथं खोटं वाटलं."

चौथं आईवरचं होतं. संघदीपनं मान वळवली.

"खोटं? शब्दात का चालीत?"

"शब्दात."

"कोणत्या शब्दात?"

"आता कसं सांगू? मधात कुठंतरी."

"मग लाव."

तिनं लावलं. एसटीचा खडखडाट इतका होता की फोन दोघांच्या कानांमध्ये धरावा लागला, तिचा डावा कान, त्याचा उजवा. बेस ऐकू येत नव्हता. दोघांनाही आता तो कुठं आहे ते ठाऊक होतं. दुसऱ्या कडव्यात आई दारात उभी राहून लेकाची वाट बघते.

"इथी," मैत्रेयी म्हणाली. "आई नाही उभी राहत वाट पाहत. तिचे गुडघे दुखते. ती जेवून घेते अन् झोपते."

संघदीपनं फोन कानाशी आणखी दाबला. कडवं संपलं, पुढचं सुरू झालं, गाणं संपलं.

"हं," तो म्हणाला. "मागं घे. पुन्हा लाव."

तिनं मागं घेतलं.